परदेशातला पगार विनिमय दराने गुणून बघणं कितपत बरोबर?

प्रश्न | वाटचाल (सदस्यनाव)

समजा, क देशात एखाद्याच्या हातात महिना ६०,००० पडतात (क च्या चलनात). त्यातले ४५,००० खर्च होतात, १५,००० शिल्लक राहतात. ख देशातल्या नोकरीत कर वजा जाता ४,००० मिळणार (ख च्या चलनात). बाजारातला दर १ ख = ५० क. सरळ गुणाकार केला तर २ लाख, म्हणजे तिपटीहून जास्त. पण शहरांच्या महागाईच्या याद्यांमध्ये ख बरंच वर दिसतं. मग खरी तुलना करायची कशी?

दुसरा भाग: ख चं चलन घसरत चाललंय. ते १० टक्के घसरलं तर तिथला घरखर्चही १० टक्क्यांनी वाढतो का, की फटका फक्त घरी पाठवायच्या पैशाला बसतो?

प्रतिसाद | आकडेमोड

तुमचा गुणाकार पगाराच्या एकाच भागाला लागू पडतो: जो पैसा क देशात येऊन खर्च होणार आहे, तेवढ्यालाच. जो ख मध्येच खर्च होणार त्याला क्रयशक्तीचा दर लावायचा, म्हणजे पीपीपी (पर्चेसिंग पॉवर पॅरिटी): त्याच वस्तू-सेवा दोन्हीकडे घ्यायला किती लागतात त्यावरून काढलेला दर. दोन्ही भाग एकाच दराने मोजले की उत्तर कुठल्या तरी एका बाजूला फसतं.

पीपीपीचे आकडे जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिथे प्रत्येक देशासाठी दोन आकडे सापडतील, एक संपूर्ण जीडीपीचा आणि दुसरा खासगी उपभोग खर्चाचा. घरखर्चासाठी दुसराच घ्या. जीडीपीच्या आकड्यात यंत्रसामग्री, बांधकाम, सरकारी खर्च असं सगळं मिसळलेलं असतं. दोन्ही देशांचे आकडे एकाच वर्षाचे घ्या आणि क चा आकडा ख च्या आकड्याने भागा. समजा क चा २४ आणि ख चा १.२ आहे, तर भागाकार २०. याचा अर्थ, क मध्ये २० ला जे मिळतं त्याला ख मध्ये १ लागतो. बाजारातला दर मात्र ५० आहे.

आता तुमचे आकडे बसवू. क मधलं ४५,००० चं राहणीमान ख मध्ये टिकवायला ४५,००० ÷ २० = २,२५० ख लागतील. उरले १,७५०. ते घरी पाठवले तर बाजारातल्या दराने ८७,५०० क. म्हणजे राहणीमान होतं तेवढंच, पण शिल्लक १५,००० वरून ८७,५०० वर गेली. आणि सगळाच पगार ख मध्ये खर्च करणाऱ्यासाठी तो फक्त ८०,००० क च्या तोडीचा, म्हणजे जेमतेम सव्वापटीच्या थोडा वर. नोकरी तीच, पगारही तोच. पैसा कुठे खर्च होणार यावरच सगळं ठरतं. म्हणून "ख मध्ये पगार किती पट" या प्रश्नाला एक आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

२० आणि ५० मध्ये एवढी तफावत का, हेही समजून घेण्यासारखं आहे. जी वस्तू जहाजात भरून नेता येते तिची किंमत देशोदेशी फार लांब जात नाही. फरक उरतो तो कर, वाहतूक आणि दुकानाच्या खर्चाचा. घरभाडं, पाळणाघर, केस कापणं, घरातली दुरुस्ती या गोष्टी मात्र जिथल्या तिथेच विकल्या जातात आणि त्यांची किंमत स्थानिक मजुरीवर ठरते. श्रीमंत देशात कारखान्यातली उत्पादकता जास्त, म्हणून तिथली मजुरी जास्त, आणि मग केस कापणाऱ्यालाही तेवढी द्यावी लागते, जरी तो तासाला तेवढीच डोकी करत असला. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं. बाजारातला विनिमय दर या सेवांकडे बघतच नाही. तो व्यापार, व्याजदर आणि भांडवलाच्या ये-जा यांवर हलतो.

पीपीपी वापरताना दोन ठिकाणी हमखास गोची होते. एक, तो देशाची सरासरी सांगतो. राजधानीत राहणार असाल तर भाडं सरासरीतून वगळा, प्रत्यक्षातलं लिहा आणि उरलेल्या खर्चालाच २० चा दर लावा. दोन, उपचार, शाळा आणि पाळणाघर खिशातून भरायचं की करातून चालतं, हे देशागणिक बदलतं. लहान मुलं असलेल्या कुटुंबाचं गणित याच एका ओळीवर उलटंपालटं होऊ शकतं, त्यामुळे नोकरी स्वीकारण्यापूर्वी ही रक्कम लेखी विचारून घ्या.

वाटचाल

शहरांच्या यादीत ख मधलं शहर यंदा बरंच खाली आलंय. म्हणजे ते स्वस्त झालं ना?

आकडेमोड

तिथे राहून तिथलाच पगार घेणाऱ्यासाठी नाही. अशा बहुतेक याद्या न्यूयॉर्कला १०० धरून सगळ्या किमती बाजारातल्या दराने डॉलरमध्ये आणतात. ख चं चलन पडलं की स्थानिक किमती वाढलेल्या असूनही शहर यादीत खाली घसरतं. डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याला ते खरंच स्वस्त पडतं. ख च्या चलनात पगार घेणाऱ्याला उलट महाग झालेलं असतं.

प्रतिसाद | दरपत्रक

घसरणीचा भाग मी घेतो. घरखर्च १० टक्क्यांनी वाढत नाही. त्याच्या बराच कमी वाढतो आणि सावकाश वाढतो.

आधी एक हिशेब, कारण इथे फार जण चुकतात. ख चं चलन १० टक्के पडलं तर परदेशी वस्तू १० नव्हे, ११.१ टक्के महाग होते (१ ÷ ०.९). ५० टक्के पडलं तर दुप्पट. घसरण जितकी मोठी तितकी ही दरी रुंदावते.

समजा घरखर्चात आयातीचा वाटा ३० टक्के आहे. यात फक्त आयात केलेल्या वस्तू धरू नका. देशात बनलेल्या मालातलं आयात इंधन, खत, सुटे भागही धरा. पहिल्या वर्षात वाढीचा निम्माच भाग ग्राहकापर्यंत पोचला, तर ३० टक्के × ११.१ टक्के × निम्मा = सुमारे १.७ टक्के. २,२५० चा खर्च झाला २,२८७. शिल्लक १,७१३, पण आता १ ख = ४५ क, म्हणून घरी पोचतात सुमारे ७७,०००. आधीच्या ८७,५०० पेक्षा साडेदहा हजार कमी, आणि यातले जवळपास नऊ हजार निव्वळ दरामुळे गेलेले आहेत. म्हणजे फटका मुख्यतः पाठवणीलाच बसतो, हा तुमचा अंदाज बरोबर आहे.

निम्माच भाग का पोचतो? आयातदारांनी काही महिन्यांचे वायदे आधीच करून ठेवलेले असतात. दुकानातल्या किमतीत भाडं, पगार, स्थानिक वाहतूक असते आणि ती डॉलरवर चालत नाही. इंधनावर लिटरमागे ठरावीक कर असेल तर तेवढा भाग दराने हलत नाही. पण जिथे महागाई आधीच भडकलेली असते तिथे हा उशीर राहत नाही, दुकानदार रोजचा डॉलर बघून किंमत लावतात. आइसलँडमध्ये २००८ च्या बँक संकटात क्रोनाचं युरोपुढचं मोल साधारण निम्म्यावर आलं आणि जानेवारी २००९ मध्ये वार्षिक महागाई १८.६ टक्क्यांवर पोचली. उलट दिशेचं उदाहरण स्वित्झर्लंडचं: १५ जानेवारी २०१५ ला तिथल्या मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा सोडली, फ्रँक झपाट्याने वधारला, पण त्या वर्षी ग्राहक किमती सरासरी १.१ टक्केच उतरल्या. चलन पडलं की किमती चढतात; ते वधारलं की तेवढ्या उत्साहाने उतरत नाहीत.

अजून एक. घरी पाठवायच्या पैशासाठी ख-क दर बघायचा, पण ख मधल्या किमतींसाठी ख-डॉलर दर जास्त महत्त्वाचा, कारण जगातल्या व्यापाराचा मोठा हिस्सा डॉलरमध्ये बिल होतो, विकणारा देश अमेरिका नसला तरी. क आणि ख दोन्ही डॉलरपुढे सारखेच पडले तर तुमचा ख-क दर जागचा हलणार नाही, आणि तरी दोन्हीकडे इंधन महागेल. एकत्रित चित्र हवं असेल तर बाझलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सचा (मध्यवर्ती बँकांची बँक) व्यापारभारित दराचा निर्देशांक बघा; त्यात ज्या देशाशी जास्त व्यापार त्याच्या चलनाला जास्त वजन असतं.

प्रतिसाद | गंगाजळी

वरचं सगळं मान्य, पण चार गोष्टी राहिल्या.

डॉलरला किंवा युरोला बांधलेल्या चलनाला धोका नसतो असं समजू नका. सौदी रियाल १९८६ पासून अमेरिकी डॉलरमागे ३.७५ वर आहे, हाँगकाँग डॉलर १९८३ पासून ७.८० च्या आसपास बांधलेला आहे. हे टिकलेले बंध. पण सीएफए फ्रँक (पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या अनेक देशांचं चलन) दशकानुदशकं ५० ला १ फ्रेंच फ्रँक होता आणि जानेवारी १९९४ मध्ये एका निर्णयात १०० ला १ झाला. तिथे सावकाश काही झालं नाही. अशा देशात कमावत असाल तर दर महिन्याची शिल्लक महिन्यालाच बाहेर काढावी, चांगल्या दराची वाट बघू नये.

काही देशांत सरकारी दर आणि समांतर बाजारातला दर यांत मोठी तफावत असते. अर्जेंटिनाने डिसेंबर २०२३ मध्ये सरकारी दर डॉलरमागे सुमारे ३६६ पेसोंवरून ८०० वर नेला. त्याआधी सरकारी दराने केलेली राहणीमानाची कुठलीही तुलना कागदावरचीच होती. करारात पगार डॉलरमध्ये लिहिला असेल तर तो कुठल्या दराने आणि कुठल्या तारखेला स्थानिक चलनात बदलून मिळणार, हे कलम शोधा. नसेल तर घालून घ्या.

आणि पाठवणीचा खर्च. वर ५० चा दर धरलाय, पण तो बँकांचा आपसातला मधला दर; ग्राहकाला तो मिळत नाही. १,००० ख पाठवताना शुल्क १० आणि दर ४८.८० असेल तर पोचतात ९९० × ४८.८० = ४८,३१२. म्हणजे ५०,००० मधले १,६८८ गेले, ३.४ टक्के. "शून्य शुल्क" म्हणणाऱ्या सेवेत हीच रक्कम दरात लपलेली असते, त्यामुळे शुल्क बघू नका, शेवटी पोचणारी रक्कमच ताडून बघा, तीही एकाच तासात घेतलेल्या भावांची. कार्डाने पैसे देताना यंत्र "तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का?" विचारतं, तिथे नेहमी स्थानिक चलनच निवडा. नाहीतर दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते, आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा सहसा महागच पडतो.

कर्ज घेणार असाल तर ज्या चलनात पगार त्याच चलनात घ्या. हंगेरी आणि पोलंडमध्ये व्याज कमी म्हणून लाखो कुटुंबांनी स्विस फ्रँकमध्ये घरकर्जं घेतली होती. फ्रँक वधारला तसे हप्ते फुगले, पगार मात्र फोरिंट आणि झ्लॉटीतच राहिले.