मदत हवी आहे: एमएस्सीच्या पोरांना फायलोजेनी (जातींचा वंशवृक्ष) शिकवायला छोटा डेटासेट

नमस्कार मंडळी, मी बेळगावात एमएस्सी झूलॉजीच्या पोरांना उत्क्रांतीची झाडं कॉम्प्युटरवर बांधायला शिकवायलोय, पोरं खानापूर, निपाणीकडनं येतात, हुशार आहेत पण टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडला की हात आखडतात. जेनबँक या डीएनए सिक्वेन्सच्या ऑनलाइन साठ्यातनं आपल्या घाटातल्या इंडिराना बेडकांचे १६एस जनुकाचे सिक्वेन्स घेतले, माफ्ट या प्रोग्रॅमनं अलाइन केले (एकाखाली एक जुळवून मांडले), आयक्यू-ट्री या प्रोग्रॅममधे झाड काढलं, इथवर जमतंय. अडतंय पुढं. आउटग्रुप (झाडाचं मूळ ठरवायला घेतलेली गटाबाहेरची जात) फार लांबचा घेतला तर झाडाचं मूळ भलतीकडंच का जाऊ शकतं हे कळायच्या आधीच रंगीत चित्र रिपोर्टात चिकटवतात, आणि फांदीवर बूटस्ट्रॅपचा (म्हणजे त्या फांदीवर किती भरवसा ठेवायचा त्याचा) आकडा ८० दिसला की खूश, अरे अल्ट्राफास्ट म्हणजे झटपट पद्धतीच्या बूटस्ट्रॅपला ९५ तरी पाहिजे, ८० साध्या बूटस्ट्रॅपला चालतंय, हा फरक डोक्यात बसतच नाही. मला तर कुठलं बटण दाबायचं यापेक्षा हेच महत्त्वाचं वाटतं.

तर कुणाकडं असा छोटा डेटासेट आहे काय, ज्यात मॉडेल (डीएनए कसा बदलत गेला याचं गणिती गृहीतक) किंवा आउटग्रुप चुकला की झाड उघड उघड बदलतं? ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर एका तासिकेत चालायला हवा. मराठी किंवा कन्नडमधे समजावलेला व्हिडिओ असला तरी सांगा, आमच्याकडं दोन्ही चालतंय.