मदत हवी आहे: बोर्द्यू नेमका कुठे बसवायचा?

पानगळ: शिक्षणाच्या समाजशास्त्राचं उद्या सबमिशन आहे, प्लीज लवकर सांगा. प्रकार्यवाद (शाळा सगळ्या समाजाच्या उपयोगाची) आणि संघर्षवाद (शाळा वरच्या वर्गाच्या फायद्याची) दोन्ही लिहून झालेत, दुर्खीम-पार्सन्स इकडे, बोल्स-गिंटिस तिकडे, पण समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू कुठे टाकू तेच कळत नाहीये. सर म्हणतात तुलना झालेली नाही, म्हणजे अजून काय करायचं??

खडूफळा: मूळ प्रश्न काय आहे? किती मार्कांचा? जसाच्या तसा टाका.

रातकिडा: डोळे झाकून संघर्षवादात टाका. विषमता शाळेतूनच पुढच्या पिढीत जाते हे तोही म्हणतो. बोल्स-गिंटिस (१९७६) शाळेत कारखाना बघतात, वरून आलेला हुकूम पाळायचा, शिकण्यात गोडी नसली तरी मार्कांसाठी राबायचं, जसं पुढे पगारासाठी राबायचं. बोर्द्यू घराकडे बघतो. घरातली पुस्तकं, बोलायची ढब, बाईंसमोर न बिचकता उभं राहणं, हे सांस्कृतिक भांडवल. शाळा हे शिकवत नाही, पण मार्क त्यालाच देते आणि वर त्याला हुशारी म्हणते!

उंबरठा: डोळे झाकून अजिबात नको. बोर्द्यूने मार्क्सशिवाय समाजशास्त्रज्ञ वेबरकडूनही बरंच घेतलंय, नुसता मार्क्सवादी म्हणून शिक्का मारलात तर मार्क जातील. आणि बोल्स-गिंटिसना पोरं म्हणजे मातीचे गोळे वाटतात. विलिस (१९७७) वाचा, इंग्लंडमधली कामगारवर्गातली १२ पोरं, मास्तरांना जुमानत नाहीत, अभ्यासू मुलांची टर उडवतात, अंगमेहनत म्हणजेच मर्दानगी मानतात आणि त्याच बंडखोरीपायी शेवटी कारखान्यात जातात. यात आज्ञाधारकपणा कुठे आला?

रातकिडा: १२ पोरांवरून सगळ्या शाळांचा निकाल लावणार का? आणि शेवटी गेली कारखान्यातच ना!

मोकळंरान: तुम्ही सगळे शाळा हवीच हे धरून चाललाय. इलिच वाचा, १९७१ मध्येच त्याने समाज शाळामुक्त करा म्हणून सांगितलंय.

पेन्सिलटोक: युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करा, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर सगळी अक्षरं बदलतात.

पानगळ: फॉन्टचं नाही विचारलं हो. इलिच सिलॅबसमध्ये नाही. प्रश्न असा आहे: ‘शिक्षणामुळे संधीची समानता येते का? दोन दृष्टिकोनांची तुलना करा.’ १५ मार्क.

खडूफळा: अहो हे आधी सांगायचं ना! मग कोण कुठल्या गटात हा प्रश्नच नाही, संधीबद्दल कोण काय म्हणतं ते हवंय. पार्सन्स (१९५९) घ्या. घरात मूल आपलं म्हणून लाडकं, वर्गात मात्र सगळ्यांना एकच मापदंड, म्हणून कोण पुढे जाणार याची तिथली निवड पार्सन्सला न्याय्य वाटते. लगेच त्याच मुद्द्यावर बोर्द्यू आणा, पेपर सगळ्यांना एकच पण तयारी घरून येते, मग निवड न्याय्य कशी? दोघं एकाच परिच्छेदात समोरासमोर आले पाहिजेत. बोल्स-गिंटिस थोडक्यात उरका.

पानगळ: मग दुर्खीम काढू का? दोन पानं लिहिलीत त्याच्यावर.

उंबरठा: पूर्ण काढू नका. समान मूल्यं आणि समाजाची एकजूट एवढं सुरुवातीला चार ओळीत ठेवा. त्याचा भर संधीवर नाहीच, त्याला तुलनेत ओढू नका.