पैसे भरताना विमानाचे भाडे का वाढते?

प्रश्न: शोधताना दिसलेले भाडे प्रवाशांची नावे भरून पैसे भरण्याच्या पानावर पोहोचेपर्यंत वाढलेले असते. आपला शोध पाहून हे मुद्दाम केले जाते का?

पहिले उत्तर: बहुधा नाही. एकाच केबिनमधील आसने रोमन अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अनेक भाडेवर्गांत विभागलेली असतात आणि स्वस्त वर्ग संपला की त्यावरचा महाग वर्गच उरतो. शिवाय यादीतील दर अनेकदा आधी साठवलेला असतो. खरी उपलब्धता शेवटी तपासली जाते.

दुसरे उत्तर: चौघांसाठी एकत्र शोधताना स्वस्त वर्गात दोनच आसने उरली असतील, तर सहसा चौघांनाही महाग दर लागतो, जे मला अन्यायकारकच वाटते. म्हणून आधी एकट्यासाठी शोधून पाहावे.

प्रश्नकर्ता: म्हणजे कुकीज, अर्थात संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये साठवलेल्या आपल्या वापराच्या नोंदी, पुसणे व्यर्थच?

पहिले उत्तर: हो, संपलेला वर्ग त्याने पुन्हा खुला होत नाही.