'मुंड', 'हट्टी' आणि 'कोक्काल': नीलगिरीतल्या वस्त्यांना मराठीत काय म्हणावे?

चर्चाप्रस्ताव

नीलगिरी पर्वतातल्या जमातींवरचा एक इंग्रजी लेख मी सध्या मराठीत आणत आहे. म्हशी, चहाचे मळे, पांढऱ्या शालीवरचे लाल-काळे भरतकाम इथपर्यंत काही अडले नाही. अडले ते वस्त्यांच्या नावांपाशी. तोडा लोकांच्या वस्तीला 'मुंड', बडगांच्या गावाला 'हट्टी' आणि कोता कारागिरांच्या गावाला 'कोक्काल' म्हणतात असे मूळ लेखक सांगतो आणि लगेच तिन्हींसाठी 'खेडे' या अर्थाचा एकच शब्द वापरून मोकळा होतो. पहिल्या खर्ड्यात मीही तसेच केले आणि तिन्ही ठिकाणी 'पाडा' लिहिले. आईने तो वाचून विचारले, "ही माणसे जव्हारकडची का गं?" त्यानंतर मला तो शब्द ठेवणे अवघड झाले.

मूळ शब्द जसेच्या तसे ठेवावेत, तर वेगळीच पंचाईत होते. 'मुंड' म्हटले की आपल्याला रुंडमुंड आठवतात, 'हट्टी' म्हणजे हट्ट धरणारा, आणि 'बडगा' तर आपण उगारतोच. जमातीच्या नावानेही माझी फजिती केली आहे. 'तोडा लोकांची घरे' असे एक उपशीर्षक मी दिले होते. संपादकांनी फोन करून, हे अतिक्रमण-विरोधी मोहिमेचे आवाहन आहे का, अशी चौकशी केली.

या तीन शब्दांचे मूळ अर्थ काय आहेत, ते एकमेकांपासून वेगळे आहेत का, आणि मराठीत त्यांना जवळचा शब्द आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1

'वस्ती' लिहावे. आपल्याकडे पाडा म्हटले की वारली, कोकणा, ठाकर. तांडा म्हटले की बंजारा. पोड म्हटले की यवतमाळकडचे कोलाम, असे प्रत्येक शब्दाला त्याचे लोक चिकटलेले आहेत. 'वस्ती' कुणाचीच नाही, म्हणून ती सगळ्यांना चालते.

प्रतिसाद 2

'वस्ती' चालेल, परंतु ती लिहिली की सांगण्यासारखे जे आहे तेच गळून जाईल, असे मला वाटते.

आमचे घराणे मूळचे आटपाडीकडचे. सोने गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी आजोबा कोइमतूरला गेले आणि तिथेच राहिले, त्यामुळे घरात माणदेशी मराठी आणि दाराबाहेर तमिळ अशी आमची वाढ झाली. तमिळमध्ये 'मंदै' हा अगदी रोजच्या वापरातला शब्द आहे. त्याचा पहिला अर्थ गुरांचा किंवा मेंढरांचा कळप, आणि दुसरा अर्थ गावाजवळची ती मोकळी जागा, जिथे सगळ्या गावाची गुरे एकत्र येऊन उभी राहतात. तुमच्या लेखातला 'मुंड' हा याच कुळातला शब्द आहे. तो तोडांनी इतरांना दिलेला नव्हे, तर इतरांनी तोडांच्या वस्तीला लावलेला आहे, आणि इंग्रजांनी तो तसाच उचलला. जुन्या पिढीतली मराठी माणसे ज्याला 'उटकमंड' म्हणत, त्या नावातला 'मंड' तोच आहे. आपण सहलीला जाताना त्याची 'उटी' केली आणि नेमका महत्त्वाचा भाग कापून टाकला. सरकारी 'उदगमंडलम'मध्ये त्यालाच संस्कृत वळण देऊन 'मंडलम' केलेले आहे.

'हट्टी'चे तसेच. हा कन्नडमधला शब्द आहे आणि त्याचे तमिळ भावंड 'पट्टी'. जुन्या कन्नडमधला आरंभीचा 'प' पुढे 'ह' झाला, म्हणून तमिळमधले 'पाल' कन्नडमध्ये 'हालु' होते. दोन्हींचा अर्थ दूध. पट्टी म्हणजे गुरांचा गोठा, मेंढरांचे कोंडवाडे, आणि मग त्याभोवती उभी राहिलेली वाडी. उसिलमपट्टी, कोविलपट्टी ही गावांची नावे आपण ऐकलेली असतात. बडगा लोक म्हैसूरकडच्या पठारावरून डोंगरात आले, म्हणून त्यांचे नाव 'बडगु' म्हणजे 'उत्तर' या कन्नड शब्दावरून पडले. आपण त्यांना दाक्षिणात्यांतही अगदी दक्षिणेचे समजतो, आणि त्यांचे नाव मात्र 'उत्तरेकडचे'! मुंबईकरांनी घाट उतरून येणाऱ्याला 'घाटी' म्हणावे, त्यातलाच हा प्रकार, फक्त बडगांनी ते नाव स्वतःही अभिमानाने स्वीकारले. ते शेती करणारे असून तिथल्या मूळ समाजांत संख्येने सर्वांत मोठे आहेत, आणि त्यांच्या हट्टीत घरे एका ओळीत, भिंतीला भिंत लावून असतात. त्यांची हट्टी तुम्हाला 'पाडा' म्हणता येणारच नाही. ते चांगले भरले गाव असते.

'कोक्काल' या शब्दाची फोड कोता लोक 'गाईचा पाय' अशी सांगतात. त्यांच्या कथेनुसार एक काळी गाय पूर्वजांच्या पुढे चालत होती आणि तिने जिथे पाऊल रोवले, तिथे गाव वसले. अशी सात गावे आहेत. व्युत्पत्तीच्या काट्यावर ही फोड कितपत टिकेल तो भाग निराळा, पण लोक आपल्या गावाचा अर्थ काय सांगतात, हेही शब्दाच्या अर्थात धरायला हवे. कोता हे लोहार, कुंभार, सुतार आणि वाजंत्री. तोडांकडून तूप, बडगांकडून धान्य, कोतांकडून कोयते, मडकी आणि अंत्यविधीला लागणारे वाद्यवादन, तिथल्याच कुरुंब जमातीकडून मध आणि जंगलातल्या वस्तू, अशी देवाणघेवाण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्या डोंगरात चालत असे. आपल्या बलुत्यासारखीच, परंतु एका गावातली नव्हे, तर डोंगराच्या वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या समाजांमधली. 'कोटगिरी' या गावाच्या नावात आपल्याला 'गिरी' ऐकू येतो, पण तो मुळात 'केरी' म्हणजे आळी आहे; कोतांची आळी.

आता माझा मुद्दा. तिन्ही नावांच्या तळाशी जनावर आहे. कळप जिथे उभा राहतो तो मुंड, कळप जिथे कोंडतात ती हट्टी, आणि गाईने जिथे पाऊल ठेवले ते कोक्काल. मराठीतल्या 'पाडा' आणि 'वस्ती' या शब्दांत जनावर नाही. आमच्या माणदेशात मात्र धनगर रानात मेंढरे घेऊन उतरले की 'वाडा बसला' असे म्हणतात. त्या वाड्यात भिंत नसते, छप्पर नसते. वाघूर, म्हणजे जाळी, लावलेली मेंढरे, दोन-चार बिऱ्हाडे, घोडी आणि कुत्री मिळून वाडा होतो, आणि तो उद्या उठून दुसऱ्याच्या शेतात बसतो. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांच्या कायमच्या वस्तीलाही 'धनगरवाडा'च म्हणतात. कळप, मुक्काम आणि वस्ती हे तिन्ही अर्थ एका शब्दात असणारा मराठी शब्द माझ्या माहितीत हा एकच. तोडांच्या मुंडाला 'वाडा' म्हणावे.

प्रतिसाद 3

वरच्या विवेचनात एक भर आणि एक सावधगिरी.

तोडा स्वतःच्या भाषेत या जागेला जो शब्द वापरतात, तो इंग्रजी पुस्तकांत 'एमओडी' अशा अक्षरांनी लिहितात आणि देवनागरीत उतरवताना आपली फजिती होते. 'मोद' लिहिले तर आनंद, 'मोड' लिहिले तर मटकीला आलेले. त्या शब्दाच्या शेवटचा वर्ण 'द'सारखा दंत्यही नाही आणि 'ड'सारखा मूर्धन्यही नाही. जिभेचे टोक दातांच्या मागच्या हिरडीला लावून तो उच्चारतात. तोडा भाषेत दंत्य, हिरडीवरचा आणि मूर्धन्य असे तीन वेगळे 'त' आहेत आणि देवनागरीत दोनच. बडगा भाषेत तर स्वरसुद्धा जीभ वळवून, म्हणजे 'ळ'च्या स्थितीत नेऊन उच्चारले जात, आणि जीभ किती वळते यावरून शब्दाचा अर्थ बदले, अशी नोंद भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1939 मध्ये केली होती. त्यामुळे 'मोद की मोड' या वादात न पडता प्रचलित 'मुंड' ठेवणेच बरे.

हे एमेनो 1935 ते 1938 या काळात भारतात राहून तोडा, कोता, बडगा आणि कोडवा भाषांचा अभ्यास करत होते. त्यांचा आपल्याशीही संबंध आहे, कारण विदर्भातल्या कोलामी भाषेवरचे 1955 चे पुस्तक त्यांचेच. टॉमस बरो यांच्याबरोबर त्यांनी केलेला द्राविडी व्युत्पत्तिकोश 1961 मध्ये आला. त्यात तोडांचा हा शब्द तमिळ 'मंदै' आणि 'मन्रम' यांच्या शेजारी बसवलेला आहे, आणि त्याचा अर्थ केवळ 'खेडे' असा दिलेला नाही. म्हशींच्या दुग्धमंदिरासह (म्हणजे पवित्र म्हशींच्या दुधाचे काम जिथे पुजारी करतो त्या वास्तूसह) असलेली वस्ती, वस्तीपासून दूर असलेले दुग्धमंदिर, अंत्यविधीची जागा आणि बापाकडून चालत आलेले कूळ, या साऱ्यांना तोडा तो एकच शब्द लावतात. एखादा तोडा आपण अमुक मुंडाचे आहोत असे म्हणतो, तेव्हा तो पत्ता सांगत असतो असे नाही. बहुधा तो गोत्र सांगत असतो.

'गोत्र' हा शब्द मी सहज वापरलेला नाही. वेदात गोत्र म्हणजे गाईंचा गोठा, आणि कुळाचा अर्थ त्याला नंतर आला. 'गोष्ठ' म्हणजेही गाई उभ्या राहण्याची जागा; त्यातून आपला 'गोठा' आला, आणि 'गोष्ठी' म्हणजे माणसांची बैठक, तिच्यातून आपली 'गोष्ट'. तमिळमध्ये 'मन्रम' या शब्दाचे आजचे अर्थ पाहा: सभा, मंडळ, नटाच्या चाहत्यांचा संघसुद्धा, न्यायालय म्हणजे 'नीदिमन्रम'. त्याच शब्दाचे 'मन्रु' हे रूप जुन्या तमिळमध्ये गोठ्यासाठीही आहे. दोन वेगळ्या भाषाकुळांत गुरांच्या जागेपासून माणसांच्या बैठकीपर्यंत आणि कुळापर्यंत शब्द चालत गेले, आणि कुणी कुणाकडून उसने घेतले असे म्हणण्याची गरज नाही. जिथे संध्याकाळी सगळी गुरे येतात, तिथेच सगळी माणसेही येतात.

सावधगिरी अशी की, यावरून कुणी गोव्यात शिगम्याला गाव जिथे जमते त्या 'मांडा'ला तोडांच्या मुंडाशी जोडू नये. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये (कुर्गमध्ये) सुगीच्या पुत्तरी सणाला ज्या गावमैदानावर नाच होतो, त्यालाही 'मंद' म्हणतात आणि तो शब्द खरोखर 'मंदै'च्या कुळातला आहे, त्यामुळे मोह होतो. मात्र आपला मांड 'मांडणे' या क्रियापदाजवळचा आहे, आणि आपण खेळ मांडतो, डाव मांडतो, तसाच मांडही मांडतो. कानाला सारखे लागले म्हणून नाते जुळत नाही.

'वाडा' या सूचनेबरोबर 'गोठण' हा शब्दही विचारात घ्यावा. गावाबाहेर गुरे एकत्र उभी राहतात त्या जागेला कोकणात आणि घाटावरही गोठण म्हणतात, आणि गोठणे नावाची गावेही आहेत. 'मंदै'ला याहून जवळचा मराठी शब्द मला सुचत नाही.

प्रतिसाद 4

मी तिथे जाऊन आले आहे, म्हणून थोडी असहमती नोंदवते. 'गोठण' आजच्या शहरी वाचकाला कळणार नाही आणि 'वाडा' लिहिले की त्याच्या डोळ्यांपुढे चौक, दिंडी दरवाजा आणि 'वाड्यावर या' म्हणणारे पाटील उभे राहतील.

मी पाहिलेला मुंड अगदी लहान होता. उताराच्या गवतात चार-पाच घरे, बहुतेक सिमेंटची, आणि त्यांच्यात एकच जुन्या घडणीचे: अर्धे पिंप आडवे टाकावे तसे, वेत आणि बांबू कमानीसारखे वाकवून त्यावर गवत शाकारलेले. समोरच्या फळीत जेमतेम तीन फुटांचे दार होते, इतके ठेंगणे की आत जायचे तर गुडघ्यांवर रांगावे लागते. थोड्या अंतरावर तशाच घडणीची, दगडी कुंपण असलेली दुसरी इमारत होती, ते दुग्धमंदिर. बायकांनी त्याच्याजवळ जायचे नसते, म्हणून मला लांबूनच दाखवले. त्याच्या पलीकडे म्हशींसाठी गोल दगडी कोंडवाडा. म्हशी आपल्यापेक्षा थोराड आणि शिंगे दोन्ही बाजूंना पसरलेली. मी पाहत होते ती वस्ती माणसांची होती खरी, पण तिच्यातली सर्वांत नीट राखलेली वास्तू म्हशींच्या दुधासाठी होती. त्या जागेला 'धनगरवाडा' हा शब्द जुळेल, परंतु मग तोडा हे धनगर आहेत असा समज होईल, आणि तो चुकीचा ठरेल. तोडांच्या म्हशी पवित्र असतात, दूध काढणारा तिथला पुजारी असतो. आपल्याकडच्या गवळी धनगराची गोष्ट वेगळी आहे.

'पोड' शब्दाचे उदाहरण पहिल्या प्रतिसादात आलेच आहे. यवतमाळच्या बातम्यांत 'कोलाम पोड' असे सर्रास छापले जाते आणि त्याचे भाषांतर कुणी करत नाही. तसाच 'मुंड' ठेवावा आणि तो काय असतो ते एका वाक्यात सांगावे.

प्रस्तावकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या चर्चेनंतर मी तिन्ही शब्द मूळ रूपात ठेवत आहे. हट्टीला 'गाव' हा अर्थ पुरेसा आहे, तो शब्दाशेजारी एकदाच देईन. कोक्कालला गाईच्या पावलाची कथा जोडेन. मुंडासाठी असे वाक्य केले आहे: 'मुंड म्हणजे तोडांची घरे, म्हशींचा कोंडवाडा आणि दुग्धमंदिर मिळून झालेली जागा, आपल्याकडे मेंढरांसकट मुक्कामाला जसा वाडा म्हणतात, तसा हा म्हशींसकट वस्तीचा शब्द असून तोडा माणूस आपले कूळही त्याच शब्दाने सांगतो.' वाक्य लांब झाले आहे, परंतु त्यातले काही कापावेसे वाटत नाही. आटपाडीकरांचा वाडा असा निदान उपमेपुरता तरी आत आला.

जमातीचे नाव बदलण्याचा विचार मी सोडून दिला. 1117 च्या होयसळ शिलालेखात विष्णुवर्धन राजाच्या सेनापतीने तोडांना भयभीत केल्याचा उल्लेख आहे, तेव्हा नऊशे वर्षे टिकलेल्या नावाला मराठी क्रियापदामुळे हात लावणे योग्य नाही. उपशीर्षक 'तोडांची घरे' असे करून पाहिले, तर आईने ते 'तोंडांची घरे' असे वाचले. आता 'तोडा जमातीची घरे' असे केले आहे, आणि संपादकांचा अजून फोन आलेला नाही.