भाऊ २३ वर्षांचा, शाळा सुटल्यापासून घरातच. सोलापुरात दर रविवारी खेळायला कुठं न्यावं?

जुळे सोलापूरची ताई

नमस्कार सगळ्यांना. माझ्या लहान भावाला डाऊन सिंड्रोम आहे. १८ वर्षांपर्यंत विशेष शाळेत होता, तिथं रोज पीटी, धावणं, चेंडू फेकणं सगळं व्हायचं, एकदा सॉफ्टबॉल थ्रोमध्ये दुसरा आलेला, ते मेडल अजून देवघराशेजारी खिळ्याला टांगलंय. १८ पूर्ण झाले, शाळा संपली आणि त्याच्यासोबत मैदान पण संपलं. आता सकाळी उठला की चहा, बटर, मग टीव्हीसमोर बसतो ते जेवणापर्यंत. वजन ८४ किलो झालंय. पण शनिवार आला की अजून पांढरे बूट पुसून दारात ठेवतो आणि विचारतो, ताई, सर कधी येणार? पाच वर्षं झाली हो, दर शनिवारी विचारतो, आईला ते बघवत नाही.

३ डिसेंबरला दिव्यांग दिनाच्या स्पर्धा असतात, तिथं आम्ही नेतोच, त्याला आवडतं पण. पण एका दिवसानं काय होणार, मला दर आठवड्याला हवंय, स्वतःची टीम, तेच मित्र, तीच वेळ. चार घरं तयार आहेत, सगळी मुलं १६ ते ३० मधली. क्लबसारखं काही सुरू करायचं तर कुठून करायचं, कुणी केलंय का?

माजी विशेष शिक्षक

ताई, मी विशेष शाळेत २६ वर्षं होतो, तुमच्या भावासारखी किती मुलं पाठवली असतील, आणि तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, १८ नंतर कार्यशाळेत जागा मिळाली तर मिळाली, तिथंही मेणबत्त्या, फाईली बनवतात पण मैदान नसतं.

आधी नोंदणीच्या मागं लागू नका. संस्था करायची तर सात सभासद लागतात, कागदपत्रं लागतात, त्यातच वर्ष जातं आणि पोरं घरातच राहतात. चार घरं आहेत ना, एक वेळ ठरवा आणि ती मोडू नका. आपल्या पोरांना वेळ पाळलेली लागते, दोन रविवार चुकले की तिसऱ्या रविवारी तो चपलाच घालत नाही.

सुरुवात बोचीनं करा. दोन रंगांचे चार-चार मोठे चेंडू आणि एक छोटा, छोटा आधी टाकायचा आणि आपला मोठा त्याच्या जवळात जवळ न्यायचा, बस. पळायला लागत नाही, वजनवाला, व्हीलचेअरवाला, ६० वर्षांची आई सगळे खेळतात, आणि नियम पाहता पाहता कळतात. शिकवताना बोला कमी, करून दाखवा जास्त. "नीट टाक" म्हणून त्याला काही कळत नाही, हात धरून एकदा फिरवला की कळतं. एका वेळी एकच गोष्ट. ती जमली की लगेच तिथल्या तिथं शाबासकी.

स्पेशल ऑलिंपिक्सचं नाव ऐकलंच असेल, बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या खेळांचं, १९६८ ला शिकागोत सुरू झालं, भारतात स्पेशल ऑलिंपिक्स भारत हे काम बघतं. तिथं ८ वर्षांपुढं कुणीही खेळतो, वरची वयाची अट नाही, म्हणजे तुमच्या भावाला दार बंद झालेलं नाही हे आईंना जरूर सांगा. त्यांची एक पद्धत मला फार आवडते, आधी प्राथमिक फेरी घेऊन वेळ, अंतर बघतात आणि साधारण सारख्या ताकदीच्या खेळाडूंचे गट पाडतात. ३० सेकंदवाल्याला १५ सेकंदवाल्यासोबत पळवत नाहीत. तुम्ही चार जणांत पण हेच करा, नाहीतर एकच पोरगा दर वेळी जिंकतो आणि बाकीचे यायचे बंद होतात. २०२३ ला बर्लिनला त्यांच्या जागतिक स्पर्धेत आपल्या पोरांनी २०२ पदकं आणली, त्यातली ७६ सोन्याची.

फिजिओ, सात रस्ता

सरांनी खेळाचं सांगितलं, मी तब्येतीचं सांगते, कृपा करून वाचा. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके काही जणांत सैल असतात. सगळ्यांना त्रास होतो असं नाही, पण मान दुखणं, चालताना अचानक तोल जाणं, हातातली पकड कमी होणं, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काहीही दिसलं तर खेळ थांबवून आधी डॉक्टर गाठा. आणि तपासणी होईपर्यंत कोलांटउडी, पाण्यात सूर मारणं, पोहण्यातला बटरफ्लाय, फुटबॉलमध्ये डोक्यानं चेंडू मारणं हे बिलकुल नको. निम्म्याच्या आसपास मुलांना जन्मतः हृदयाचा काहीतरी दोष असतो, त्यामुळं लहानपणीच्या इकोचा कागद शोधून ठेवा. ८४ किलो म्हणालात म्हणून, थायरॉईड कधी तपासलाय? फक्त खाण्यामुळंच असेल असं धरू नका.

दुसरं, आपलं ऊन. मार्च ते जून सकाळी साडेसात वाजता मैदान रिकामं व्हायलाच पाहिजे. फिटच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, अंग तापत जातं आणि पोराला सांगता येत नाही. तहान लागली का विचारू नका, दर १५ मिनिटांनी सगळ्यांना थांबवून पाणी पाजा.

कोपऱ्यातलं घर

मधेच विचारते, माझ्या मुलाकडं लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट आहे, पाचवीत आहे, वाचन-लिखाण जमत नाही पण पळतो जोरात. तो येऊ शकतो का?

माजी विशेष शिक्षक

ताई, तुमच्या मुलाचं ते अध्ययन अक्षमता, डिस्लेक्सियासारखं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ते वेगळं आणि बौद्धिक अक्षमता वेगळी. बाहेरच्या देशांत काही ठिकाणी दोन्हीला एकच शब्द वापरतात म्हणून गोंधळ होतो. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये बौद्धिक अक्षमतावालेच खेळतात. तुमच्या मुलाला शाळेच्या टीममध्ये घाला, तिथं त्याला कुणी अडवत असेल तर भांडा. आणि रविवारी इथं जोडीदार म्हणून आणलात तर आनंदच आहे.

विजापूर रोडचे बाबा

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, १९ चा. आम्ही एका नेहमीच्या खेळाच्या बॅचला तीन महिन्यांची फी भरून घातलं होतं. दहाव्या दिवशी सांगितलं की बाकीचे पालक तक्रार करायलेत, तुम्ही थोडं लांब उभं करा त्याला. लांब म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपाशी. मी त्याच दिवशी काढला. फी मागितली नाही, मागायला परत जावं वाटलं नाही. हे लिहायलोय कारण तुम्ही स्वतःचं सुरू करताय ते लय बरोबर करताय.

दोन गोष्टी सांगतो. शिट्टी वाजवू नका, माझा मुलगा शिट्टी ऐकली की कान दाबून बसतो तो अर्धा तास उठत नाही, हात वर करायचा किंवा रंगीत झेंडा. आणि चित्रं करा, आधी गोल फिरणं, मग बोची, मग पाणी, मग घर, चार चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून दाखवली की पुढं काय होणार हे कळतं आणि घाबरत नाहीत. आणि निरामय विमा काढलाय का सगळ्यांनी? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंत, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्हीला मिळतो. पाय मुरगळला तर खिशातनं नको जायला.

आम्ही येतो. पाचवं घर धरा.

अशोक चौक

मी पद्मशाली, घरी तेलुगूच बोलतो, धावपटू दीप्ती जीवनजीचं नाव इथं अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितोय. तेलंगणातल्या वारंगल जिल्ह्यातल्या कल्लेडा गावची, बौद्धिक अक्षमता आहे, गावात लोक काय काय बोलायचे तिला. २०२४ ला कोबेच्या जागतिक स्पर्धेत ४०० मीटर ५५.०७ सेकंदात पळाली, तिच्या गटातला तेव्हाचा जागतिक विक्रम, आणि त्याच वर्षी पॅरिसला पॅरालिंपिक्समध्ये ब्राँझ. आमच्या आजीनं टीव्हीवर बघून गल्लीतल्या चार घरांना बोलावलेलं, आपल्या तिकडची पोरगी म्हणून. आमच्याच गल्लीत असा एक मुलगा आहे, तो दिवसभर कट्ट्यावर बसलेला असतो, त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या आईनं मला विचारलं की आमचा पण पळेल का रे.

आम्ही सहा मित्र रविवारी फुटबॉल खेळतो. मिक्स टीम चालते ना? अर्धे आम्ही अर्धे तुमचे. शिकवायला नाही, खेळायलाच येतो.

माजी विशेष शिक्षक

चालते की, युनिफाइड स्पोर्ट्स म्हणतात त्याला, एकाच टीममध्ये दोन्ही. एकच अट, तुमचा खेळाडू सगळे गोल स्वतः मारत सुटला तर त्याला बाहेर बसवणार. पास द्यायचा.

जुळे सोलापूरची ताई

सगळ्यांचे किती आभार मानू. थायरॉईडचं रक्त आज सकाळीच दिलं, इकोचा जुना कागद आईच्या ट्रंकेत सापडला. येत्या रविवारी सकाळी सव्वासहा, होम मैदान. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, तिथं पाळणे लागतात, तेव्हा कुमठा नाक्याकडं बघू, मुलांना महिनाभर आधीपासून सांगत राहू. प्रत्येक घरातून एक मोठं माणूस थांबलंच पाहिजे, सोडून जायचं नाही. अशोक चौकवाल्या दादा, त्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊनच या. सर, बोचीचा सेट कुठं मिळेल?

भावाला सांगितलंय. अजून तीन दिवस आहेत, पण बूट आजच पुसलेत.

माजी विशेष शिक्षक

सेट माझ्याकडं आहे, जुना. छोटा चेंडू हरवलाय, येताना एक रबरी घेऊन या.