नव्या सेवकांसाठी विश्वास, प्रार्थना आणि समर्पणाचे धडे: सहा आठवड्यांत नेमकं काय करून घ्यावं?

मळेकरी (प्रश्न)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मंडळीत नव्याने सेवेत येणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग बसवायचा आहे. बारा-पंधरा जण असतील, आठवड्याला एक बैठक, सव्वा तासाची. यातले काही संडे स्कूल घेतील, काही आजाऱ्यांच्या भेटींना जातील, दोघं-तिघं प्रार्थनासभा चालवतील. कच्चा आराखडा असा: दोन आठवडे विश्वास, दोन प्रार्थना, दोन समर्पण. वचनं भरपूर काढून ठेवली आहेत.

काळजी वेगळीच आहे. अशा वर्गांत सगळे माना डोलावतात, शेवटच्या दिवशी उभं राहून समर्पणाची प्रार्थनाही करतात आणि तिसऱ्या महिन्यात निम्मी नावं यादीतच उरतात. तेव्हा धड्यात प्रत्यक्ष काय करून घ्यावं? उत्तर न मिळालेल्या प्रार्थनेबद्दल नव्या माणसाला काय सांगावं? आणि समर्पण मागायचं तर किती काळासाठी, कोणत्या शब्दांत?

द्राक्षवेल

मळेकरी, सर्वांत आधी ते दोन-दोन-दोनचं विभाजन मोडा. विश्वास वेगळा, प्रार्थना वेगळी, समर्पण वेगळं असं शिकवलं की ऐकणाऱ्याच्या वहीत तीन मथळे तयार होतात, पण तिन्ही एका माणसात एकत्र कशी चालतात ते त्याला कधी दिसत नाही. एकच माणूस घ्या आणि सहाही आठवडे त्याच्यासोबत राहा. माझ्या मते त्यासाठी जुन्या करारातला नहेम्या उत्तम: परक्या राजाच्या दरबारी चाकरीला असलेला हा माणूस, ज्याने यरुशलेमेचा पडलेला कोट (तटबंदी) पुन्हा बांधून घेतला. त्याच्या नावाच्या पुस्तकाचे पहिले सहा अध्याय, आठवड्याला एक.

पहिल्या अध्यायातली प्रार्थना ५ ते ११ या वचनांत आहे. वर्गात प्रत्येकाला ती कागदावर द्या आणि पेन्सिलीने तुकडे पाडायला सांगा. पाचव्या वचनात देव कोण आहे हे आठवलं आहे. सहा आणि सातमध्ये पापाची कबुली आहे, आणि इथे थांबा: तो ‘त्यांनी पाप केलं’ म्हणत नाही, स्वतःला आणि आपल्या बापाच्या घराण्याला त्यात धरतो. आठ आणि नऊमध्ये मोशेला दिलेल्या वचनाची आठवण. दहाव्यात ‘हे तुझेच लोक आहेत’. मागणी येते ती अकराव्या वचनाच्या शेवटी, आणि ती किती नेमकी आहे ते पाहा: आज, या माणसासमोर (म्हणजे राजासमोर), मला यश दे. सात वचनांत मागणी जेमतेम एका वाक्याची. मग आपली रोजची प्रार्थना याच्या शेजारी ठेवून पाहायला सांगा. बहुतेकांच्या प्रार्थनेत मागणी पहिल्या वाक्यात सुरू होते आणि तरीही नेमकी नसते, ‘सर्वांना आशीर्वाद दे’ इतकी ऐसपैस असते.

दुसऱ्या आठवड्यात काळ मोजून घ्या. यरुशलेमेची बातमी किसलेव या यहुदी महिन्यात (नोव्हेंबर-डिसेंबर) आली, राजाशी बोलणं नीसानमध्ये (मार्च-एप्रिल) झालं. म्हणजे साधारण चार महिने. राजाने ‘तुला काय हवं?’ असं विचारल्यावर तो मनातल्या मनात प्रार्थना करतो (२:४) आणि लगेच मुदत सांगतो, नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं मागतो, लाकडासाठी राजाच्या वनाच्या रखवालदाराच्या नावे पत्र मागतो. तपशील आधीच मनात तयार असल्याशिवाय माणूस असं मागू शकत नाही. चार महिने गुडघ्यांवर होता तसाच हिशेबही करत होता. विश्वास आणि तयारी एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, हे नव्या सेवकाला इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं व्याख्येने कधी दिसत नाही. ४:९ मध्ये तेच पुन्हा: प्रार्थना केली आणि पहारा बसवला. एकाच वाक्यात दोन्ही.

तिसरा अध्याय नावांची यादी म्हणून लोक गाळतात. गाळू नका, समर्पणाचा खरा धडा तिथेच आहे. प्रत्येकाला कोटाचा ठरावीक तुकडा मिळाला, कित्येकांना स्वतःच्या घरासमोरचा. तकोवाच्या सरदारांनी मान वाकवली नाही याचीही नोंद आहे (३:५), आणि त्याच गावच्या लोकांनी पुढे दुसरा एक तुकडाही बांधला (३:२७). कोट बावन्न दिवसांत पुरा झाला (६:१५), कारण कोणाचा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरलेलं होतं.

पहाटतारा

द्राक्षवेल यांनी सांगाडा छान दिला आहे. मी फक्त प्रार्थनेच्या सरावाचं लिहिते, कारण वर्ग तिथेच कोसळतो.

ज्याची रोजची सवय नाही त्याला पहिल्याच आठवड्यात एक तास सांगू नका. दहा मिनिटं, रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. दोन मिनिटं स्तोत्राचं वाचन, मोठ्याने. तीन मिनिटं त्याच स्तोत्रातले शब्द घेऊन देवाशी बोलणं. तीन मिनिटं इतरांसाठी, रोज तीनच नावं. उरलेली दोन मिनिटं गप्प बसायचं. हे शेवटचं सर्वांना जड जातं, तरी काढू नका. तिसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटांवर जा, सहाव्यात वीस. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा आणि वाचनासाठी छापील शास्त्र घ्यायला सांगा, कारण मोबाइलवर वाचायला घेतलं की वरून निरोप येतात आणि दहा मिनिटं तिथेच संपतात.

वेळ मोडते ती बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी. एक दिवस चुकतो, अपराधी वाटतं, मग दोन दिवसांची भरपाई एकदम करायचा बेत होतो आणि सगळंच सुटतं. म्हणून नियम पहिल्याच दिवशी सांगा: चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, पुढच्या दिवशी पुन्हा दहाच मिनिटं.

सुरुवातीला स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत आणि घडण उघड दिसते: पहिल्या दोनांत तक्रार (‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा), तीन-चारमध्ये मागणी, पाच-सहामध्ये भरवसा आणि गाणं. वर्गात प्रत्येकाने आपली तक्रार दोन ओळींत, मागणी दोन ओळींत आणि भरवसा दोन ओळींत लिहायचा. वाचून दाखवायची सक्ती नको. ‘देवाकडे तक्रार करणं चालतं?’ असं कुणीतरी विचारतंच. शास्त्रानेच ती आपल्या तोंडी दिली आहे, हे उत्तर पुरेसं आहे.

आता प्रार्थनासभा. एका तासातली चाळीस मिनिटं विनंत्या सांगण्यात जातात, हा सर्वत्र आढळणारा दोष. आजारपणाचा पूर्ण इतिहास, मग त्यावर सल्ले, मग घाईघाईत एक लांब प्रार्थना. उपाय साधा आहे. दारात चिठ्ठ्या ठेवा. प्रत्येकाने एकच विनंती, एका वाक्यात लिहायची. तिघांचे गट करा. एक जण एकाच विषयावर, मिनिटभर प्रार्थना करील, मग त्याच विषयावर दुसरा, मग पुढचा विषय. यात लाजणाराही बोलतो, कारण त्याला एकच मिनिट आणि एकच विषय सांभाळायचा असतो.

चिठ्ठीवर दुसऱ्या कुणाचं नाव लिहायचं तर आधी त्याची परवानगी हवी. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणून घरोघरी पोचलेली गोष्ट ही चहाडीच असते, आणि ज्याचं दुखणं असं पोचलं तो पुन्हा कधी प्रार्थना मागत नाही.

उपास ठेवणार असाल तर एका वेळच्या जेवणापासून सुरू करा, पाणी चालू ठेवा आणि सुटलेल्या जेवणाची वेळ प्रार्थनेला द्या, नाहीतर ते नुसतं उपाशी राहणं झालं. मधुमेह असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणी, रोज औषध घेणारे यांनी जेवणाचा उपास करू नये. त्यांनी संध्याकाळचा मोबाइल किंवा टीव्ही सोडावा. कोण उपासाला आहे हे जाहीर विचारू नका, मत्तय ६:१६ ते १८ त्यासाठीच आहे.

खारट_मीठ

उत्तर न मिळालेल्या प्रार्थनेबद्दल लिहितो.

पुष्कळ वर्गांत प्रार्थनेची वही ठेवायला सांगतात: डावीकडे तारीख आणि मागणी, उजवीकडे उत्तराची तारीख. वही ठेवावी, मीही सांगतो. पण दोनच रकाने असले की ती देवाच्या वसुलीची खतावणी होऊन बसते. उजवी बाजू कोरी राहिली की माणूस एक तर देवावर शंका घेतो, नाहीतर स्वतःच्या विश्वासावर. तिसरा रकाना आखा: ‘या काळात मी काय केलं, माझी मागणी कुठे बदलली’. गेथशेमाने बागेत प्रभूने तेच बोलणं तीनदा केलं, पण मत्तय २६ मधलं ३९वं आणि ४२वं वचन शेजारी ठेवा. पहिल्यात ‘होईल तर हा प्याला टळून जावो’, दुसऱ्यात ‘मी प्यायल्याशिवाय टळत नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. मागणी हललेली दिसते. पौलाने अंगातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं ते काटा निघण्याचं नव्हे, कृपा पुरे असण्याचं (२ करिंथ १२).

आजाऱ्यांना भेटणाऱ्यांसाठी हे जास्त गंभीर आहे. ‘विश्वास ठेवला असता तर बरा झाला असता’ हे वाक्य कोणत्याही सेवकाच्या तोंडून कधीही निघू नये. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले (प्रेषितांची कृत्ये १९:१२), त्यानेच आपला सोबती त्रफिम आजारी असताना त्याला मिलेतात मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०) आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी त्या काळातला घरगुती उपाय सांगितला (१ तीमथ्य ५:२३). ही तीन वचनं एका कागदावर लिहून प्रत्येकाला द्या. औषध बंद करा असं सांगण्याचा अधिकार भेटीला गेलेल्या कुणालाही नाही.

भेट पंधरा ते वीस मिनिटांची. दोघांनी जायचं. आधी विचारायचं: ‘आज तुमच्यासाठी काय मागू?’ उत्तर पुष्कळदा आजाराबद्दल नसतंच. झोप, मुलाची काळजी, कुणाशी झालेला अबोला असं काही निघतं. मग तेच मागायचं. माणूस दमलेला असेल तर एखादं लहान स्तोत्र वाचून उठायचं. विश्वास कमी पडतो म्हणणाऱ्याला मार्क ९:२४ मधला बाप दाखवा. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ एवढंच तो म्हणाला आणि मुलगा बरा झाला.

जुनी_पखाल

समर्पणाच्या शेवटच्या दिवशीची ती उभं राहून करायची प्रार्थना काढून टाका, असं मी स्पष्टच म्हणेन. भर गर्दीत, गाणं चालू असताना दिलेला शब्द मनापासूनचा असतो, पण त्यात काम कोणतं आणि कधीपर्यंत हे नसतं. लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसतो आणि खर्चाचा हिशेब करतो. तेव्हा लोकांना बसवा आणि कागद द्या. त्यावर पाच ओळी: काम कोणतं, कोणता वार आणि किती तास, कोणत्या तारखेपर्यंत, मी आलो नाही तर कोण, अडचण आली तर कुणाशी बोलायचं. हा कागद घरी न्यायचा, घरच्यांशी बोलायचं आणि आठवड्याने परत द्यायचा. घरच्यांना न विचारता दिलेले शब्द सर्वांत आधी तुटतात.

मुदत पहिल्यांदा तीन महिने. १ तीमथ्य ३:१० मध्ये सेवकांची आधी पारख व्हावी असं म्हटलंच आहे. तीन महिन्यांनी पाळक किंवा मंडळीचे वडीलधारे यांच्यापैकी कुणीतरी त्यांच्यासोबत अर्धा तास बसावं, मग एका वर्षासाठी पुन्हा विचारावं. बिनमुदतीची सेवा आध्यात्मिक वाटते खरी, पण तिच्यातून सन्मानाने बाहेर पडायचा रस्ता नसतो, म्हणून माणूस न सांगता नाहीसा होतो. उपासनेच्या कामासाठी नेमलेल्या लेव्यांच्या सेवेलाही वयाची हद्द होती. गणना ८ मध्ये पंचविसाव्या वर्षी सुरुवात, पन्नाशीला नियमित कामातून मोकळीक आणि पुढे भाऊबंदांना हातभार.

एका माणसाकडे एकच काम. उत्साही माणूस दिसला की गायन, संडे स्कूल, भेटी, हिशेब सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. निर्गम १८ मध्ये सासऱ्याने, इथ्रोने, मोशेला जे सांगितलं ते हेच: तू आणि लोक दोघंही झिजून जाल. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो तेव्हा त्याला उपदेश होत नाही. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, आणि मग चाळीस दिवसांची वाट. सेवक चिडचिडा झाला, तयारीविना येऊ लागला, दुसऱ्यांच्या चुका मोजू लागला, तर त्याच्या समर्पणाची चौकशी आधी करू नका. त्याला महिनाभर सुट्टी द्या आणि त्याची जागा भरून काढा.

अर्पणाला हात लावणारे नेहमी दोघं, एका घरातले नकोत. रक्कम तिथेच मोजून दोघांच्या सह्या. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये पौल हीच काळजी घेतो. मुलांच्या वर्गातही दोन मोठी माणसं, दार उघडं.

आणि जे सोडून गेले त्यांच्यासाठी: पौल आणि बर्णबा यांच्यासोबत प्रवासाला निघालेला मार्क पंफुल्यातून परत फिरला (प्रेषितांची कृत्ये १३:१३), पुढे त्याच्यावरून त्या दोघांची ताटातूट झाली, आणि शेवटी पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). यादीतून नाव खोडू नका. तीन महिन्यांनी त्याच्या घरी जा आणि काम न मागता परत या.

मळेकरी

सर्वांचे मनापासून आभार. नहेम्याचे सहा अध्याय आणि पाच ओळींचा कागद दोन्ही घेतो. एक शंका राहिली. वर्गात दोघं असे आहेत की चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की घाम फुटतो. त्यांना प्रार्थनासभेचं काम द्यावं का?

पहाटतारा

तीन महिन्यांसाठी जरूर द्या, पण चिठ्ठ्या गोळा करून विषयवार लावायचं. आणि आधी सांगून ठेवून सभेच्या शेवटी प्रभूची प्रार्थना सुरू करायला सांगा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढे शब्द त्यांचे, पुढे सगळी सभा सोबत असते. महिनाभराने तिघांच्या गटात बसवा, आधी लिहून आणलेलं एक वाक्य वाचलं तरी चालेल. आवाज कापला तर कापू द्या, मध्ये कुणी ‘आमेन’ म्हणून सोडवायचं नाही, हे गटातल्या बाकीच्या दोघांना आधीच सांगून ठेवा.