मदत हवी आहे: स्फटिकजल असलेल्या क्षाराचे शेकडा प्रमाण काढताना छेद कोणता धरावा?

नमस्कार. मूलद्रव्याचे वस्तुमानानुसार शेकडा प्रमाण काढायचे, तर त्याच्या अणूंची संख्या आणि अणुवस्तुमान यांच्या गुणाकाराला सूत्रवस्तुमानाने भागून शंभराने गुणायचे, एवढे मला ठाऊक आहे. साध्या संयुगांबाबत काही अडत नाही. अडते ते स्फटिकजल असलेल्या क्षारांपाशी.

मोरचूद घेऊ. त्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक सूत्र-एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात. कॉपर ६३.५, सल्फर ३२, ऑक्सिजन १६ आणि हायड्रोजन १ अशी अणुवस्तुमाने धरली, की सूत्रवस्तुमान २४९.५ येते. सल्फेटमधील चार आणि पाण्यातील पाच असे ऑक्सिजनचे नऊही अणू एकत्र मोजल्यावर कॉपर २५.४५, सल्फर १२.८३, ऑक्सिजन ५७.७२ आणि हायड्रोजन ४.०१ टक्के मिळते. बेरीज १००.०१ भरते, पण तो पूर्णांकनाचा परिणाम असल्याने त्याची चिंता नाही.

मात्र हेच निळे स्फटिक तापवून सगळे पाणी घालवले, की पांढरी भुकटी उरते, सूत्रवस्तुमान १५९.५ होते आणि कॉपरचे प्रमाण थेट ३९.८१ टक्क्यांवर जाते. तांबे होते तेवढेच, छेद तेवढा लहान झालेला. मग प्रश्नात नुसते ‘कॉपर सल्फेट’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणता छेद धरावा?

दुसरी शंका मला अधिक छळते. एखाद्या नमुन्यात कॉपर २९.७४ टक्के आढळले, तर हिशेबाने पाण्याचे तीन रेणू असलेला क्षार निघतो, कारण त्याचे सूत्रवस्तुमान २१३.५ आहे. परंतु मोरचूद आणि निर्जल क्षार यांचे मिश्रणही हाच आकडा देऊ शकेल ना? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:
सूत्र दिले असेल तर त्यात जेवढे पाणी आहे तेवढे धरावे. नुसते नाव असल्यास निर्जल क्षार समजावा आणि उत्तरात तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे तपासणाऱ्याला छेद कुठून आला ते कळते. दुसऱ्या शंकेत आपला तर्क बरोबर आहे: मोरचुदाचे ३ मोल आणि निर्जल क्षाराचे २ मोल मिसळले, तर एकूण १०६७.५ ग्रॅममध्ये ३१७.५ ग्रॅम कॉपर असते, म्हणजे पुन्हा २९.७४ टक्केच. सल्फर, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची प्रमाणेही तंतोतंत जुळतात, त्यामुळे नुसत्या टक्केवारीवरून हा भेद कळणार नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनासारखी, स्फटिकरचना दाखवणारी पद्धत लागते.